सेप्टिक टँक बांधण्याआधी: ऑगस्टमधलं पाणी, जोत्याची उंची आणि शोषखड्डा

मुंबईत घर म्हटलं की मलवाहिनीचं कनेक्शन आपण गृहीत धरतो. गोराई, मनोरी, मढ, आरेतले पाडे अशा भागांत नवं घर बांधणाऱ्याला मात्र ते गृहीत धरता येत नाही. तिथे संडासची टाकी, म्हणजे सेप्टिक टँक, स्वतःच बांधावी लागते आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तिच्यासोबत राहावं लागतं. आधी एवढं तपासा: तुमच्या जागेपासून शंभर फुटांच्या आत महापालिकेची मलवाहिनी आहे का? असेल तर १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार पालिका तुम्हाला जोडणी करायला लावू शकते, आणि तसा हुकूम येण्याची वाट न बघता जोडणी घेणंच शहाणपणाचं. वाहिनी जवळपास नसेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

बहुतेक घरांत काय होतं, तर स्लॅब पडतो, गिलावा होतो, टाइल्स लागतात आणि शेवटी कंत्राटदार विचारतो, "टाकी कुठे घ्यायची?" तोपर्यंत उरलेला असतो तो विहिरीजवळचा कोपरा नाहीतर गाडी लावायची जागा. हा क्रमच उलटा आहे. टाकी बांधणं हे या कामातलं सोपं अंग. टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठे जाणार, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर जोत्याची उंची ठरण्याआधी हातात हवं.

टाकीत नेमकं काय होतं ते लक्षात घेतलं की हे पटतं. मैला आला की जड भाग तळाशी बसतो, तेल-चरबी आणि हलका भाग वर सायीसारखा जमतो, आणि मधलं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर जातं. तळातला गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात, त्यामुळे त्याचं आकारमान कमी होतं. बस, एवढंच. टाकी मैला वेगळा करते, पाणी शुद्ध करत नाही. बाहेर येणारं पाणी दिसायला गढूळ, वासाला उग्र आणि रोगजंतूंनी भरलेलं असतं. त्याची खरी सफाई होते ती मातीत. माती कोरडी असेल, तिच्यात हवा असेल, तरच. म्हणून भारतीय मानक आयएस २४७० टाकीचं हे पाणी प्रक्रियेशिवाय उघड्या गटारात किंवा पाणवठ्यात सोडायला मनाई करतं. मुंबईत याला आणखी वजन आहे, कारण इथे पावसाळी गटारं आणि मलवाहिन्या वेगवेगळ्या आहेत. "मागच्या गटाराला जोडून टाकू" असं मिस्त्री म्हणतो तेव्हा ते पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही. सरळ खाडीत किंवा किनाऱ्यावर जातं.

जमीन आधी, नकाशा नंतर

पहिलं काम चाचणीच्या खड्ड्याचं, आणि ते करायचं ऑगस्टमध्ये. मे महिन्यात दोन-अडीच मीटर खोदलं तरी कोरडी माती लागते, सगळे खूश होतात. त्याच जागी जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून गेल्यावर पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर भरतीचाही परिणाम होतो. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवशी, भरतीला आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीला, दोन्ही वेळा खड्ड्यातली पातळी टेपने मोजा. पावसाळ्यातल्या साडेचार मीटरवरच्या भरत्यांच्या तारखा महापालिका दरवर्षी जाहीर करते, त्यातला एक दिवस निवडला की काम झालं. वर्षातली सर्वांत उंच पातळी हाच तुमचा आकडा. पाणी जमिनीखाली १.८ मीटरच्या आत येत असेल तर साधा शोषखड्डा, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी मातीत मुरवणारा खड्डा, तिथे चालणार नाही, मग मिस्त्री काहीही म्हणो.

पाणी खोल असेल तर दुसरी चाचणी, मुरण्याची. जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथे, त्याच खोलीवर, साधारण ३०० मिमी रुंद छोटा खड्डा घ्या. फावड्याने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडा, तळाशी ५० मिमी बारीक खडी टाका, पाणी भरून रात्रभर माती पूर्ण भिजू द्या. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५० मिमी पाणी ठेवा आणि अर्ध्या तासात किती उतरलं ते मोजा. त्यावरून २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा. भिजवण्याची पायरी गाळली तर आकडा फसवा येतो, कारण कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते.

आता हिशेब. १३० या आकड्याला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की दर चौरस मीटर भिंतीतून रोज किती लिटर मुरेल ते मिळतं. समजा १६ मिनिटं आली. वर्गमूळ ४, म्हणजे दर चौरस मीटरला ३२.५ लिटर. पाच माणसांच्या घरात फ्लशचं पाणी माणशी ४५ लिटर धरलं तर २२५ लिटर. त्याला जवळपास ७ चौरस मीटर भिंत हवी. दीड मीटर व्यासाचा आणि पाइपच्या खाली दीड मीटर खोल असा एक खड्डा नेमकी तेवढी भिंत देतो. आंघोळ, धुणं, स्वयंपाक सगळं त्यातच सोडलं तर माणशी १३५ लिटरने ६७५ लिटर होतात आणि तसेच तीन खड्डे लागतात. बहुतेक शोषखड्डे दोन-तीन पावसाळ्यांत तुंबतात ते इथेच. खड्डा संडासच्या पाण्यापुरता असतो आणि वॉशिंग मशीनही त्यालाच जोडलेलं असतं.

म्हणून आमचं स्पष्ट मत: संडासची लाइन वेगळी, सांडपाण्याची वेगळी. मोरी आणि बेसिनचं पाणी गल्ली ट्रॅपमधून (वास आणि कचरा अडवणारा जमिनीतला सापळा), स्वयंपाकघराचं पाणी आधी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून, आणि मग दोन्ही स्वतंत्र शोषखड्ड्यात किंवा केळी-कर्दळीच्या वाफ्यात. कोळीवाड्यात, गावठाणात रोज मासे होतात. खवलं आणि तेल अडवणारी जाळी आणि तेलाचा चेंबर तिथे वगळूच नका, आणि दर आठवड्याला हाताने साय काढा. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप तर यातल्या कशालाही जोडायचा नाही. एका जोरदार सरीत टाकीतला गाळ ढवळून तो शोषखड्ड्यात नेऊन भरेल.

अंतरांचे आकडेही आधीच टाका: शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर, राहत्या घरापासून ६ मीटर लांब. गावठाणातल्या घराला लागून घर असलेल्या प्लॉटवर हे बसत नाही, आणि शेजाऱ्याची विहीरही आपलीच धरून मोजायची असते. अंतर बसत नसेल तर आकडा वाकवू नका. दोन-तीन घरांनी मिळून मोकळ्या जागेत एकत्र शोषण-वाफा करणं, किंवा टाकीला बाहेर जाण्याची वाटच न ठेवता ती नियमित उपसून घेणं, हे दोन पर्याय खर्चिक वाटतात, पण ते प्रामाणिक आहेत. "तळ न घालता टाकी बांधू, भरणारच नाही" हा सल्ला मात्र कधीही ऐकू नका. ती टाकी भरत नाही, कारण ती विहिरीत रिकामी होत असते.

जोत्याची उंची

इथे एक साधी बेरीज-वजाबाकी आहे. तळमजल्याच्या संडासचा पाइप फरशीच्या साधारण ३०० मिमी खाली भिंतीबाहेर पडतो. टाकी घरापासून १२ मीटर अंतरावर असेल आणि चार इंची पाइपला ४० ला १ असा ढाळ दिला, तर वाटेत आणखी ३०० मिमी उतरतात. जोतं जमिनीपासून फक्त १५० मिमी असेल तर पाइप टाकीत शिरतो तो जमिनीखाली ४५० मिमीवर. तेच जोतं ६०० मिमी असेल तर तो जमिनीच्या पातळीवरच शिरतो. म्हणजे टाकी, शोषखड्डा, खोदाई आणि पाण्याशी झगडा, सगळंच दीड फूट वर आलं. जोत्याच्या भरणीत पडणाऱ्या जादा मुरमाचा खर्च याच्यापुढे किरकोळ आहे. पाणी साचणाऱ्या भागात उंच जोत्याचा दुसरा फायदा म्हणजे पूर आला तरी टाकीतलं पाणी उलट फिरून संडासच्या भांड्यातून घरात येत नाही.

पाणी उथळ असलेल्या जागी, म्हणजे किनारी पट्टीत बऱ्याच ठिकाणी, शोषखड्ड्याऐवजी जमिनीवर उंचवटा करावा लागतो. धुतलेल्या जाड वाळूचा ६०० मिमी थर, त्यावर खडीचा थर, खडीत भोकांचा चार इंची पाइप, वर जिओटेक्स्टाइल कापड आणि मग माती. कडेला कर्दळ लावा, ती भरपूर पाणी ओढते. या वाफ्यातलं अळू मात्र खायला घ्यायचं नाही. पूर्ण जमिनीवरच्या उंचवट्यापर्यंत पाणी चढवायला टाकीपुढे एक छोटी पंपाची टाकी लागते. जोतं ९०० मिमीपर्यंत नेता आलं तर अर्धा जमिनीत, अर्धा वर असा वाफा पंपाशिवाय बसतो. जिथे शक्य असेल तिथे पंप टाळा. वीज गेलेल्या पावसाळी रात्री तोच नेमका बंद असतो.

चिकण काळी माती किंवा थेट काळा दगड लागला, आणि २५ मिमी उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर टाकीनंतर खडीचा फिल्टर घ्या. त्यात पाणी खालून शिरतं आणि खडीतून वर चढतं. आकार माणशी ४० ते ५० लिटर. खडीवर वाढणारे जिवाणू उरलेली घाण बऱ्यापैकी खातात, पण रोगजंतू पूर्ण जात नाहीत, म्हणून पुढे वाफा लागतोच.

टाकीचं माप

मानकात पाच माणसांसाठी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली असं माप आहे. ते किमान आहे. गणपतीत घरी किती माणसं उतरतात, वरचा मजला पुढे भाड्याने जाणार का, हे विचारात घेतलं तर नव्या घराला दहा माणसांची टाकी घ्यावी: २.० बाय ०.९ मीटर, पाण्याची खोली १.४ मीटर, वर ३०० मिमी मोकळी जागा. साधारण अडीच हजार लिटर. खोदाई, शटरिंग, मजुरी दोन्हींना जवळपास तेवढीच लागते. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवायची. चौरस किंवा गोल टाकीत पाणी आत आल्याबरोबर बाहेर पडायची वाट शोधतं आणि मैला बसायला वेळच मिळत नाही.

दोन हजार लिटरच्या वर दोन कप्पे हवेतच. आडवी भिंत पाइप येतो त्या बाजूपासून दोन तृतीयांशावर, म्हणजे आपल्या मापात १.३३ मीटरवर. भिंतीतलं भोक पाण्याच्या पातळीवरही नको आणि तळाशीही नको. वर ठेवलं तर साय पलीकडे जाते, खाली ठेवलं तर गाळ. पातळीच्या सुमारे ५०० मिमी खाली, १०० बाय १५० मिमीची दोन भोकं पुरतात. भिंतीचा माथा स्लॅबला टेकवू नका. वर फट राहिली तरच दोन्ही कप्प्यांतला वायू एकाच व्हेंट पाइपने बाहेर जाईल.

आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावायचा, सरळ तोंड किंवा एल्बो नाही. येणाऱ्या टीचा खालचा पाय पातळीखाली ३०० मिमी, जाणाऱ्याचा ४५० मिमी. दोन्ही टींची वरची तोंडं उघडी आणि मॅनहोलच्या बरोबर खाली, म्हणजे तुंबलं तर वरून काठी घालता येते. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५० मिमी खाली. हे ५० मिमी मिस्त्रीने पाणी-लेव्हलच्या नळीने तुमच्यासमोर दाखवले पाहिजेत. डोळ्याच्या अंदाजावर बसवलेले पाइप उलटे निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि मग संडास धुतल्यावर पाणी भांड्यात चढून हळूहळू उतरतं. पाणी उतरायला लागणारा तो वेळ लोक वर्षानुवर्षं सहन करतात आणि दोष भांड्याला देतात.

खोदाई ते स्लॅब

खड्ड्याची पातळी ऑगस्टमध्ये मोजा, पण खोदा जानेवारी-फेब्रुवारीत, आणि जून लागण्याआधी टाकी पाण्याने भरलेली आणि बाजूने मातीने दाबलेली असू द्या. आपल्या मापाला १५० मिमी जोत्यावर साधारण २.१५ मीटर खोल जावं लागतं; बाजूंना काम करायला फूट-दीड फूट जागा. रेताड जमिनीत बाजू ढासळतात, फळ्या आणि वासे लावून आवळा. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात छोटा हौद करून त्यातूनच मड पंपाने पाणी काढा. दिवसरात्र पंप चालवून वाळू ओढली जात असेल तर थांबा. गावठाणातल्या जुन्या दगड-मातीच्या घरांचे पाये उथळ असतात आणि तुमच्या पंपाने शेजाऱ्याची भिंत तडकू शकते.

तळाला १०० मिमी पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट), त्यावर १५० मिमी आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब, भिंती १५० मिमी, एम २५ दर्जाचं काँक्रीट. सळ्यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. किनाऱ्याजवळ मात्र दोन गोष्टींवर अडून बसा: सळीवर काँक्रीटचं ५० मिमी कव्हर, आणि काँक्रीटला खाऱ्या विहिरीचं पाणी अजिबात नाही. तळाचा स्लॅब भरतानाच भिंतीची १०० मिमी उंचीची पट्टी त्याच्यासोबत ओता. नाहीतर तळ आणि भिंत यांच्यातला सांधा तळाच्याच पातळीला येतो आणि गळती तिथूनच सुरू होते. आतून १:३ चा १२ मिमी गिलावा, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून, वर घोटीव सिमेंट, आणि सगळ्या कोपऱ्यांत वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई. पाण्याच्या वरचा भाग आणि स्लॅबची खालची बाजू लोक सोडून देतात, कारण "तिथे पाणी लागत नाही". प्रत्यक्षात टाकीतला वायू तिथल्या ओलाव्यात मुरून आम्ल तयार होतं आणि काँक्रीट तिथूनच भुसभुशीत होतं. गिलावा वरपर्यंत करा, वर इपॉक्सीचा हात द्या.

आता सर्वांत कमी बोलला जाणारा धोका, टाकी तरंगण्याचा. वरच्या मापाच्या टाकीवर झाकणाचा स्लॅब पडायचा आहे आणि खड्डा काठोकाठ पाण्याने भरला, असं धरा. टाकीने बाजूला सारलेलं पाणी सुमारे ५.१ टन, आणि तिच्या काँक्रीटचं वजनही सुमारे ५.१ टन. म्हणजे मधल्या भिंतीचं थोडंसं वजन सोडलं तर तिला खाली धरून ठेवणारं काही नाही. एक अवकाळी पाऊस तिला वाकडी करून ठेवतो. उपाय खर्चाचा नाही. तळाचा स्लॅब चारी बाजूंनी ३०० मिमी बाहेर काढा. त्या ओठावर बसणारी माती, पाण्यात भिजलेली धरूनही, सुमारे चार टन जादा वजन देते. आणि पाऊस येईल असं वाटलं की टाकीत पाणी सोडा.

तयार प्लास्टिकच्या टाकीला हे दहापट लागू आहे. तिचं स्वतःचं वजन काहीच नाही; दोन हजार लिटरची रिकामी टाकी भूजलात दोन टनांनी वर उचलली जाते. तिच्याखाली काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबमधून निघालेले हूक आणि न गंजणारे पट्टे हवेतच. भरणी करताना आत एक फूट पाणी, बाहेर एक फूट वाळू, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असं चढत जायचं. डेब्रिज टाकून भरणी केली तर विटेचा टोकदार तुकडा टाकीला हळूहळू भोक पाडतो. आमचा कल किनारी भागात आरसीसीकडे आहे. अरुंद गल्लीत, जिथे काँक्रीटचा माल पोहोचवणंच कठीण, तिथे प्लास्टिकची टाकी समजून घेऊन वापरावी.

टाकी पूर्ण झाली की काठोकाठ भरून २४ तास ठेवा, म्हणजे भिंतींना प्यायचं तेवढं पाणी त्या पिऊन घेतील. मग पुन्हा भरून पुढचे २४ तास खूण बघा. बोटभर उतरलं तरी गळती शोधायची. जमिनीत पाणी असताना उलटी परीक्षाही करता येते: टाकी थोडी रिकामी करून आत कुठून झिरपतंय ते वरूनच टॉर्चने पाहायचं.

वरूनच म्हणतोय ते मुद्दाम. टाकीत अजून मैला गेलेला नसला तरी बंद टाकी जीव घेते. स्लॅबखालचं ओलं शटरिंग काही आठवडे बंद जागेत राहिलं की लाकूड कुजत प्राणवायू संपवतं, आणि फळ्या काढायला उतरलेला माणूस जागीच कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. शटरिंग काढण्याआधी दोन्ही झाकणं एक दिवस उघडी ठेवा, ब्लोअरने ताजी हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं उभी ठेवा. कंत्राटदाराला हे लेखी सांगा.

प्रत्येक कप्प्यावर ६०० बाय ४५० मिमीचं मॅनहोल घ्या. खाऱ्या हवेत बिडाची झाकणं गंजून चिकटतात, एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) घ्या, रबर सील आणि बोल्टसह. लहान मुलांच्या घरात बोल्ट हवेतच. झाकण जमिनीच्या वर थोडं उचललेलं असू द्या आणि त्यावर टाइल बसवू नका. व्हेंट पाइप मानकाप्रमाणे ५० मिमी चालतो, ७५ मिमीचा जास्त चांगला. घर २० मीटरच्या आत असेल तर तो छपराच्या दोन मीटर वर न्या, शेजाऱ्याची खिडकी कुठे आहे ते बघून. त्याच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी बांधा आणि दर पावसाळ्याआधी तपासा. क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्येच वाढतात, आणि एक फाटलेली जाळी सगळ्या आळीला पुरते.

शोषखड्ड्याचं बांधकाम लवकर सांगतो. पाइपच्या खाली विटा मालाशिवाय, उघड्या सांध्यांनी. पाइपच्या वर सिमेंट-मालात. विटांमागे ७५ मिमी स्वच्छ जाड खडी. आत विटांचे तुकडे भरून टाकण्याची पद्धत सोपी आहे, पण तसा खड्डा पाणी कमी साठवतो आणि तुंबला तर साफच करता येत नाही. पोकळ ठेवा. दोन खड्डे असतील तर आधी वाटप-चेंबर घ्या, म्हणजे एकाला सहा महिने विश्रांती देता येते. विश्रांती घेतलेल्या खड्ड्याची भिंत पुन्हा पाणी ओढू लागते.

वापर सुरू केल्यावर

टाकी बाहेरच्या पाइपपर्यंत पाण्याने भरून, त्यात जुन्या टाकीतला थोडा गाळ किंवा कुजलेलं शेण टाकून वापर सुरू करा. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पावडरींची गरज नाही, मैल्यात जिवाणू पुरेसे असतात. त्यांना मारतो तो आपला फिनेल आणि ॲसिडचा हात. भांडी साध्या साबणाने आणि ब्रशने घासा. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, केस हे टाकीत कुजत नाहीत. ते टीमध्ये अडकतात.

वर्षातून एकदा लांब काठीला पांढरा जुना पंचा गुंडाळून टाकीच्या तळापर्यंत घाला आणि सावकाश काढा. पंच्यावरचा काळा पट्टा म्हणजे गाळाची उंची. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यापर्यंत येण्याआधी उपसा करायचा. योग्य मापाच्या टाकीत हे दोन-तीन वर्षांनी येतं. उपसा हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात. पावसाळ्यात भूजल वर असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर वर सांगितलेला तरंगण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. तळाशी थोडा गाळ राहू द्या, पुढचं कुजणं त्याच्यावरच चालू होतं.

उपसा फक्त यंत्राने. कोणीही, कितीही अनुभवी असो, कितीही पैसे मागो, टाकीत उतरता कामा नये. २०१३च्या कायद्याने सेप्टिक टँकची धोकादायक हाताने सफाई गुन्हा ठरवली आहे आणि ती करून घेणारा घरमालकही त्यात येतो. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण कायदा नसता तरी हे बदललं नसतं. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते आणि त्याचा वास येणं आधीच बंद झालेलं असतं. उपशासाठी १४४२० या हेल्पलाइनवर किंवा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा.

टँकर पोहोचेल अशी जागा बांधतानाच ठेवावी लागते. रस्त्यावर जिथे टँकर उभा राहू शकतो तिथून मॅनहोलपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि ते टँकरवाल्याला फोनवर सांगून त्याची नळी पुरते का विचारा. नळी घरातून न्यावी लागणार असेल तर टाकीची जागा बदला. टँकरवाला मैला कुठे खाली करणार तेही विचारा आणि तसं लिहिलेली पावती घ्या. खाडीच्या काठावर रात्री रिकामा होणारा टँकर तुमचाच मैला तुमच्याच विहिरीच्या दिशेने परत आणतो. टाकी, चेंबर, शोषखड्डा आणि पाइप घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून किती अंतरावर आहेत, किती खोल आहेत, याचा हाताने काढलेला नकाशा भरणी करण्याआधीच्या फोटोंसह घराच्या कागदपत्रांत लावून ठेवा. त्यावर शेवटच्या उपशाची तारीख लिहा.